चेंडू परत टाकू नका: स्वतंत्र बेसबॉल लीगचे मॅचचे चेंडू कसे जमवायचे

वानखेडेवर नाहीतर गावच्या मैदानावर क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाच्या हाताला एक सवय असते. चेंडू प्रेक्षकांत आला की उचलायचा, दोन क्षण मिरवायचा आणि आत फेकून द्यायचा. न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला मी पहिल्यांदा बेसबॉलचा सामना बघायला गेलो, तेव्हा दुसऱ्याच इनिंगला एक फाउल, म्हणजे बॅटला लागून हद्दीबाहेर गेलेला चेंडू, गडगडत माझ्या बुटापाशी येऊन थांबला. मी तो इमानेइतबारे मैदानात परत फेकला. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खिशातलं पाकीटच आत भिरकावलं होतं. त्यानंतर सामना संपेपर्यंत आमच्या बाजूला एकही चेंडू आला नाही.

तर पहिला धडा हाच. बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याच्या हाती लागला त्याचा. हे पहिल्यापासून असं नव्हतं, पूर्वी मैदानावरचे रखवालदार चेंडू परत मागायचे. १९२१ मध्ये न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर रूबेन बर्मन नावाच्या प्रेक्षकानं चेंडू द्यायला नकार दिला, त्याला बाहेर काढलं गेलं, तो कोर्टात गेला आणि १०० डॉलरची भरपाई मिळवून आला. पुढे चेंडू ठेवू द्यायची चाल पडली ती पडलीच.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, किंवा उन्हाळ्यात मुलांकडे चार-सहा महिने येऊन राहणाऱ्या मंडळींसाठी आहे. बेसबॉलचे नियम पाठ असायची गरज नाही. मलाही त्यातले अर्धे नियम सामने बघता बघताच कळले.

स्वतंत्र लीग म्हणजे काय, आणि सुरुवात तिथूनच का

मेजर लीग ही बेसबॉलची सर्वांत वरची लीग, तिचे ३० संघ. त्यांच्या हाताखाली, २०२१ च्या फेररचनेपासून, १२० मायनर लीग संघ, म्हणजे प्रत्येकाचे चार. या उतरंडीच्या बाहेर जे व्यावसायिक संघ खेळतात ते स्वतंत्र. त्यांना वरून कुणी खेळाडू पाठवत नाही, खेळाडू ते स्वतः शोधतात आणि पगारही स्वतःच देतात. मेजर लीगनं ज्यांना 'पार्टनर' मानलंय अशा स्वतंत्र लीग चार: अटलांटिक लीग, फ्रंटियर लीग, अमेरिकन असोसिएशन आणि पायोनियर लीग.

इथे खेळणारे कोण? कुणी वर जायच्या धडपडीत, कुणी वरून घसरलेले, कुणी हट्टाला पेटलेले. मेजर लीग गाजवलेला रिकी हेंडरसन वयाच्या ४४व्या वर्षी, २००३ मध्ये, नेवार्क बेअर्सकडून अटलांटिक लीगमध्ये खेळला आणि त्याच उन्हाळ्यात डॉजर्सनी त्याला परत मेजर लीगमध्ये नेलं. २०१२ मध्ये पन्नाशीला पोचलेला, एके काळचा मेजर लीगचा नामांकित गोलंदाज रॉजर क्लेमन्स टेक्सासच्या शुगर लँड स्कीटर्सकडून चेंडू टाकत होता. रिच हिल २०१५ मध्ये लाँग आयलंड डक्सकडे होता आणि तो हंगाम संपायच्या आत मेजर लीगच्या बॉस्टन रेड सॉक्सकडे गेला.

आपल्या माणसांच्या वस्त्यांच्या आसपासच हे संघ सापडतात. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे लाँग आयलंड डक्स आणि स्टेटन आयलंड फेरीहॉक्स हे अटलांटिक लीगचे, तर न्यू जर्सी जॅकल्स आणि ससेक्स काउंटी मायनर्स हे फ्रंटियरचे. शिकागोकरांना ओ'हेअर विमानतळाशेजारी रोझमाँटमध्ये शिकागो डॉग्स आणि शॉमबर्गमध्ये बूमर्स. बे एरियात २०२४ पासून पायोनियर लीगचे ओकलंड बॉलर्स. घरापासून अर्ध्या-पाऊण तासावरचा संघ निवडा. दूरचा नामांकित संघ निवडलात तर वर्षातून एकदा जाल. जवळचा निवडलात तर मंगळवारी ऑफिसमधून सुटल्यावरही जाल, आणि हा छंद मंगळवारच्या अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्येच फळतो.

मेजर लीगचा चेंडू खेळाच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो. स्वतंत्र लीगचा शिक्का असलेला चेंडू संघाच्या दुकानाबाहेर क्वचित दिसतो, आणि लीग बंद पडली की तो शिक्का पुन्हा कधीच छापला जात नाही. म्हणून माझ्या लेखी हा छंद शिक्क्यांचा आणि मातीचा आहे. सह्या गोळा करणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण सही कशावरही मिळते. लीगचा शिक्का फक्त चेंडूवरच मिळतो.

एक संघ, पाच शिक्के

शिक्का कसा वाचायचा ते एका उदाहरणावरून सांगतो. न्यू जर्सी जॅकल्स १९९८ मध्ये सुरू झाले ते नॉर्थईस्ट लीगमध्ये. १९९९ ला ती लीग नॉर्दर्न लीगमध्ये विलीन झाली. २००३ ला पुन्हा वेगळी होऊन नॉर्थईस्ट झाली. २००५ मध्ये तिचं नाव कॅन-अ‍ॅम लीग झालं. २०१९ च्या हंगामानंतर कॅन-अ‍ॅम फ्रंटियरमध्ये मिसळली. २०२० चा हंगाम महामारीनं खाल्ला आणि २०२१ पासून जॅकल्स फ्रंटियरमध्ये खेळायला लागले. संघ तोच, नाव तेच, पण तुम्ही जॅकल्सचे चेंडू जमवायचे ठरवलेत तर शिक्के पाच काळांचे. एखादा चेंडू 'जॅकल्सचा, २०१० चा' म्हणून विकायला आला आणि शिक्का नॉर्दर्न लीगचा निघाला, तर पुढे बोलायची गरजच नाही.

आमच्या ब्रिजवॉटरचं उदाहरण आणखी सोपं. गावातल्या बालाजी मंदिरात न गेलेलं मराठी घर न्यू जर्सीत विरळाच, पण तिथून थोड्या अंतरावर, रेल्वे स्टेशनला चिकटून, बेसबॉलचं मैदान आहे हे कितीतरी जणांना ठाऊक नसतं. तिथला सॉमरसेट पेट्रियट्स हा संघ १९९८ पासून अटलांटिक लीगमध्ये होता आणि त्यानं सहा वेळा ती जिंकली. २०२१ पासून तो मेजर लीगच्या यांकीज संघाच्या हाताखालचा डबल-ए पातळीचा मायनर लीग संघ झाला, म्हणजे स्वतंत्र राहिला नाही. त्याच वर्षी शुगर लँड आणि सेंट पॉल सेंट्स हेही दोन संघ मेजर लीगच्या उतरंडीत गेले. त्यामुळे ब्रिजवॉटरच्या मैदानावरचा अटलांटिक लीगचा शिक्का २०१९ च्या हंगामाबरोबर संपला. आज तिथे फाउल पकडलात तर तो मायनर लीगचा चेंडू. वाईट नाही, पण या संग्रहातला नाही.

बंद पडलेल्या लीगची यादी मोबाइलमध्ये असू द्या: नॉर्दर्न लीग १९९३ ते २०१०, गोल्डन बेसबॉल लीग २००५ ते २०१०, कॅन-अ‍ॅम २००५ ते २०१९. जुन्या बाजारात हात घालाल तेव्हा ही वर्षं कामी येतात.

शिक्क्यात साधारण तीन गोष्टी असतात. लीगचं नाव किंवा चिन्ह, कंपनीचं नाव, आणि बऱ्याच चेंडूंवर लीगच्या अध्यक्षाची छापील सही. मेजर लीगमध्ये १९९९ पर्यंत अमेरिकन आणि नॅशनल लीगचे चेंडू वेगळे असायचे, दोन्हींवर आपापल्या अध्यक्षाची सही असायची. २००० पासून एकच चेंडू आणि त्यावर कमिशनरची, म्हणजे मेजर लीगच्या प्रमुखाची सही. स्वतंत्र लीगनीही हीच चाल उचलली. अध्यक्ष बदलला की सही बदलते, त्यामुळे चेंडूचा काळ ठरवायला ती फार उपयोगी पडते. पण ती छापील असते हे विसरू नका. 'सही केलेला दुर्मीळ चेंडू' म्हणून ऑनलाइन टाकलेल्या एका चेंडूवर अशीच छापील सही होती. विकणारा लबाड नसावा, त्यालाच ठाऊक नव्हतं. अज्ञानापोटी मागितलेला भावही आपल्याच खिशातून जातो म्हणा.

आणखी एक सापळा. खेळाच्या दुकानात 'ऑफिशियल लीग' असं छापलेले चेंडू डझनानं मिळतात. त्यातली 'लीग' म्हणजे कुठलीच लीग नव्हे. शाळकरी पोरांसाठी, अंगणात खेळण्यासाठी केलेला तो सर्वसाधारण माल आहे. लीगचं स्वतःचं पूर्ण नाव छापलेलं नसेल तर चेंडू ठेवून द्या आणि पुढे व्हा.

हातात घेऊन बघा

बेसबॉलचं वजन ५ ते सव्वापाच औंस, म्हणजे १४२ ते १४९ ग्रॅम. आपला क्रिकेटचा चेंडू याहून जड, १५६ ते १६३ ग्रॅम. घेर ९ ते सव्वानऊ इंच, म्हणजे साधारण २३ ते साडेतेवीस सेंटिमीटर. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि शिंप्याची फीत एवढ्यावर पहिली परीक्षा होते. आठवण म्हणून विकले जाणारे रंगीत चेंडू इथेच उघडे पडतात. वजनात नाही सापडले तर स्पर्शात सापडतात, कारण ते बहुधा कृत्रिम कातड्याचे असतात आणि प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथसारखे लागतात.

खऱ्या चेंडूवर गाईच्या चामड्याचे दोन तुकडे असतात, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे कापलेले, आणि ते लाल दोऱ्याच्या १०८ दुहेरी टाक्यांनी शिवलेले असतात. आत बूच, त्यावर रबर, त्यावर लोकरीचा धागा. शिवणीच्या दोन रेषा जिथे सगळ्यांत जवळ येतात त्या अरुंद जागेला संग्राहक 'स्वीट स्पॉट' म्हणतात. अशा जागा दोन. एकीवर बहुधा छापील सही, दुसरी कोरी.

आता माती. सामन्याआधी नवाकोरा चेंडू तसाच वापरत नाहीत. नव्या चामड्याला झिलई असते, हातातून सटकतो. १९२० मध्ये क्लीव्हलँड संघाचा रे चॅपमन बॅटिंग करत असताना त्याच्या डोक्याला चेंडू लागला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. चेंडूवर ताबा असण्याचा आणि तो बॅटरला नीट दिसण्याचा प्रश्न तेव्हापासून ऐरणीवर आला. अंपायर मग चेंडू साध्या मातीनं, तंबाखूच्या रसानं, काय मिळेल त्यानं चोळून बघायचे. १९३८ मध्ये लीना ब्लॅकबर्न नावाच्या प्रशिक्षकानं डेलावेअर नदीच्या एका उपनदीकाठचा चिखल शोधून काढला. लोण्यासारखा मऊ, पण बारीक कचकच असलेला. तो आजही न्यू जर्सीतूनच काढला जातो आणि नेमका कुठून, हे गुपित आहे. क्लबहाउसमधला, म्हणजे संघाच्या खोलीतला माणूस हातावर थोडा चिखल आणि पाणी घेऊन एकेक चेंडू असा चोळतो की डाग पडत नाही, नुसती चमक जाते.

दुकानातला अधिकृत चेंडू आणि सामन्यातला चेंडू यांतला फरक तिथे दिसतो. दोन्ही शेजारी ठेवा. दुकानातला खडूसारखा पांढरा. सामन्यातला सायीच्या रंगाचा, चामड्याच्या रंध्रांत करडे ठिपके, आणि टाक्यांच्या कडेला जिथे अंगठा पोचत नाही तिथे मातीची बारीक रेघ. त्यावर खेळाच्या खुणा: बॅटच्या रंगाचा काळा नाहीतर तपकिरी पट्टा, गवताचा हिरवा ओरखडा, मैदानातल्या लाल मातीचा ठसा. माझ्याकडच्या एका चेंडूवर भिंगातून बघितलं तर बॅटच्या लाकडाच्या रेषासुद्धा उमटलेल्या दिसतात, अंगठ्याच्या ठशासारख्या. याउलट सालपटल्यासारखा, करड्या भुकटीचा खरवडा असेल तर तो स्टँडच्या काँक्रीटचा. फाउल गेलेल्या चेंडूवर तो हमखास असतो आणि मला तो आवडतो. चेंडू लोकांत येऊन पडला याची ती पावती असते.

पुसायचं मात्र काही नाही. हे मी शिकलो ते साताऱ्याहून आई आली होती तेव्हा. ऑफिसातून घरी आलो तर सिंकशेजारी, ताटं निथळायला ठेवतात तिथे, चार चेंडू ओळीनं निथळत होते. "अरे, किती मळले होते. पितांबरीनंच घासणार होते, मग म्हटलं चामडं आहे, भांड्याच्या साबणानं काढले. बघ कसे लख्ख झाले." लख्ख झाले होते खरे. दोघांचा शिक्का अर्धा गेला होता, टाके फुगले होते आणि तीन वर्षांचे पुरावे सिंकमधून वाहून गेले होते. आईला काय बोलणार! "छान झाले," म्हणालो आणि पंख्याखाली वाळत ठेवले.

मैदानावर जाताना

स्वतंत्र लीगचे हंगाम साधारण एप्रिल-मे ते सप्टेंबर. दारं उघडतात तेव्हाच आत शिरा. पहिल्या तासात स्टेडियम रिकामं असतं, खेळाडू कुंपणापाशी हातपाय मोकळे करत असतात आणि बोलायच्या मनःस्थितीत असतात.

बसायचं कुठे हा खरा प्रश्न. उजव्या हातानं खेळणाऱ्याची बॅट जरा उशिरा फिरली की फाउल पहिल्या बेसच्या बाजूला, म्हणजे बॅटरमागून बघितलं तर उजवीकडे उडतो, डावखुऱ्याचा तिसऱ्या बेसच्या बाजूला, डावीकडे. उजवे बॅटर जास्त, म्हणून मी बहुधा पहिल्या बेसच्या बाजूला, प्रेक्षकांच्या बचावासाठी लावलेल्या जाळीच्या वरून उंच येणारा चेंडू जिथे पडतो त्या रांगांत, वाटेकडेची खुर्ची घेतो. तिकडे छप्पर असेल तर उपयोग नाही. वाटेकडेची खुर्ची यासाठी की चेंडू थेट हातात पडणं हे नशीब, पण पडून उसळून पायऱ्यांवरून घरंगळणं हे रोजचं. पायऱ्यांवर चपळ माणूस जिंकतो, उंच माणूस नाही.

जाळी नसलेल्या भागात बसलात तर मोबाइल खिशात ठेवा. सपाट येणारा फाउल विचार करायला वेळ देत नाही. लहान मूल मांडीवर असेल तर जाळीमागेच बसा, मग संग्रहाचं काय व्हायचं ते होवो.

चेंडू पकडायचा ग्लोव्ह न्या, लाज बाळगू नका. साठीचे लोकही आणतात. मैदानाच्या कुंपणापलीकडे मात्र हात घालायचा नाही. चेंडू खेळात असताना हात लागला तर अंपायरचा निर्णय ओढवून घ्याल आणि स्टेडियमबाहेरही जाल.

मागून मिळवायचाही एक मार्ग आहे. तीन आउट झाले की बाजू बदलते; तिसरा आउट झाला की क्षेत्ररक्षक परत येताना हातातला चेंडू बहुधा प्रेक्षकांत टाकतो. त्याचं नाव माहीत असेल तर नावानं हाक मारा. कार्यक्रमपत्रिकेत पाठीवरच्या क्रमांकांशेजारी नावं असतात, दोन मिनिटं काढून वाचून ठेवा. पाच हजार लोकांच्या आरड्यात आपलं नाव ऐकलेला खेळाडू वळून बघतोच, आणि तिथे पाच हजारही नसतात. मागताना चेंडू मागा, हट्ट नको. टाकला तर धन्यवाद म्हणा, दुसऱ्यासाठी पुन्हा हात पसरू नका.

शेजारी पोर असेल तर चेंडू त्याला द्यावा, अशी तिथली रीत आहे. कायदा नाही, पण न देणाऱ्याकडे अख्खा स्टँड बघतो. मी त्यावर तोडगा काढलाय. संघाच्या दुकानातून आठवणीचा एक स्वस्त चेंडू घेऊन खिशात ठेवतो. पोराला तो देतो. त्याला चकचकीत चेंडू जास्तच आवडतो. एकदाच एका मुलीनं दोन्ही बघितले आणि "मला मळका हवाय" म्हणाली. दिला. ती या छंदात माझ्या पुढे जाणार.

सरावाचे चेंडू दुय्यम मानू नका. सामन्यात वापरलेले चेंडू पुढे सरावाच्या टोपलीत जातात, आणि स्वतंत्र संघ काटकसरी असतात, काही फुकट घालवत नाहीत. त्या टोपलीत मागच्या हंगामाचे, कधी कधी मेलेल्या लीगचेही चेंडू असतात. माझा कॅन-अ‍ॅमचा सर्वांत चांगला चेंडू अशाच एका टोपलीतला, सरावानंतर एका प्रशिक्षकानं सहज फेकलेला.

विकत घेताना

संघाच्या दुकानात लीगचा नवा चेंडू मिळाला तर एक जरूर घ्या, तुलनेसाठी. माझ्या फडताळात प्रत्येक शिक्क्याचा एक कोरा आणि एक खेळलेला असा जोड ठेवायचा प्रयत्न असतो. काही संघ सामन्यात वापरलेले चेंडू टोपलीत ठेवून विकतात, काही धर्मादाय लिलावात काढतात. संघाकडून थेट घेतलेला चेंडू केव्हाही बरा. पावती मागून घ्या.

ऑनलाइन बाजारात सावध राहा. मेजर लीगमध्ये २००१ पासून मैदानावर साक्षीदार बसवून वस्तूंना क्रमांकाचा होलोग्राम लावतात. स्वतंत्र लीगच्या चेंडूंना त्या धर्तीचं प्रमाणपत्र मागत बसलात तर कधीच काही घेणार नाही. तिथे पुरावा चेंडूनंच द्यायचा असतो. सगळ्या बाजूंचे फोटो मागा, निदान सहा. तारीख विचारा, तिकीट आहे का विचारा. एकाच विक्रेत्याकडे एकाच नमुन्याचे दहा 'गेम यूज्ड', म्हणजे सामन्यात वापरलेले, चेंडू असतील तर दहाही सोडा. मी एकदा फसलोय: फोटोत झकास ओरखडा होता, हातात आल्यावर कळलं की तो सँडपेपरचा आहे. सगळ्या रेघा एकाच दिशेला, आणि रंध्रांत मातीचा कण नाही. बॅट लागलेला चेंडू असा नीटनेटका जखमी होत नाही.

त्याच रात्री लिहून ठेवा

हे काम नवखे लोक हमखास टाळतात. चेंडू आठवण ठेवत नाही. पाच चेंडू झाले की कुठला कधीचा हे तुम्ही शपथेवर सांगू शकणार नाही, आणि तुमच्यानंतर ज्याच्या हातात जाईल त्याला तर काहीच कळणार नाही.

चेंडू हातात आला की आधी फोटो काढा, मागे मैदान दिसेल असा. मग मोबाइलमध्ये टिपण. माझं एक टिपण असं आहे: "शनिवार संध्याकाळ. चौथी इनिंग, दोन आउट. डावखुरा बॅटर, मागे उंच उडालेला फाउल. जाळीवरून आला, पायऱ्यांवर दोन टप्पे. पकडला नाही, उचलला." शेवटचं वाक्य लिहायला कमीपणा वाटला होता, पण खोटं लिहिलं तर बाकीच्या ओळींनाही किंमत उरत नाही. घरी आल्यावर तारीख, दोन्ही संघ, मैदान, शिक्का आणि वजन तक्त्यात भरा. तिकीट छापील असेल तर जपून ठेवा, मोबाइलवरचं असेल तर स्क्रीनशॉट काढा.

चेंडूवर पेनानं तारीख लिहू नका. चिठ्ठी लिहा, चेंडूच्या डबीखाली ठेवा. सिंकशेजारी निथळलेल्या त्या चार चेंडूंच्याही चिठ्ठ्या आहेत, त्यावर बाकीच्या माहितीखाली "आईने धुतला, ऑगस्ट २०१६" असं लिहिलंय.

ठेवायचं कसं

ऊन, दमट हवा आणि हाताचा घाम, हे तीन शत्रू. उन्हात शिक्का विटतो आणि चामडं पिवळं पडतं, म्हणून खिडकीसमोरचं फडताळ नको. अ‍ॅक्रिलिकच्या चौकोनी डब्या मिळतात, अतिनील किरण अडवणाऱ्या जरा महाग पडतात, निवडक चेंडूंसाठी त्या घ्या. हात धुऊन कोरडे करा आणि मगच चेंडू उचला, शक्यतो टाक्यांवर धरून. तळघरात ठेवायचा मोह होतो, पण अमेरिकेतली तळघरं ओलसर असतात आणि माळा उन्हाळ्यात तापतो. राहत्या खोलीतलं कपाट सर्वांत चांगलं.

हे चेंडू गावी न्यायचे असतील तर कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातल्या चामडी चपलांचं काय होतं ते आठवा. तीच हिरवी बुरशी इथेही येते. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळा संपला की एक दिवस सावलीत वारं देणं, एवढं करावंच लागतं.

सही घ्यायचीच असेल तर

कोऱ्या स्वीट स्पॉटवर, निळ्या बॉलपेननं. जाड मार्कर नको. पहिल्या दिवशी तो ठळक दिसतो, पण शाई चामड्यात पसरत जाते आणि काही वर्षांत अक्षरांभोवती जांभळट धुकं जमतं. खेळाडूच्या हातात बहुधा मार्करच असतो, म्हणून आपलं पेन पुढे करा. मातीचा चेंडू असेल तर पेन अडखळतं, तेव्हा सहीसाठी कोरा चेंडू वेगळा ठेवलेला बरा. खेळलेल्या चेंडूवर सही घ्यायला माझं तरी मन होत नाही.

अदलाबदल

दोन-तीन हंगामांनंतर एकाच शिक्क्याचे सात-आठ चेंडू जमतात आणि दुसऱ्या लीगचा एकही नसतो. तेव्हा दुसऱ्या राज्यातला असाच कुणी गाठायचा. शिकागोकडच्या माणसाकडे अमेरिकन असोसिएशनचे पडून असतात, त्याला अटलांटिकचा हवा असतो. खेळलेल्याला खेळलेला, कोऱ्याला कोरा, बंद लीगच्या एकाला चालू लीगचे दोन किंवा तीन, असा हिशेब मी धरतो. पाठवण्याआधी दोघांनीही सगळ्या बाजूंचे फोटो पाठवायचे आणि चिठ्ठीची प्रत चेंडूबरोबर द्यायची. चेंडू मऊ कागदात गुंडाळून खोक्यात घाला. पाकिटात टाकलेला चेंडू टपालाच्या यंत्रात अडकतो, आणि वर्तमानपत्रात गुंडाळला तर बातम्या चामड्यावर छापून येतात. माझ्याकडे आलेल्या फ्रंटियरच्या एका चेंडूवर अजून कुठल्याशा मोटारविक्रीच्या जाहिरातीचा फोन नंबर उलटा वाचता येतो.